मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचा व्यायामोपचार: पाय हलण्याची वाट पाहत थांबू नका

आपण विचारलेल्या गोष्टी थोडक्यात अशा आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील आपला २७ वर्षांचा भाऊ मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला, पाठीचा बारावा मणका मोडला, रॉड आणि स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि आता अडीच महिन्यांनंतर तो घरी पलंगावर आहे. मांड्यांच्या पुढच्या भागाला स्पर्श कळतो, उजव्या मांडीचा स्नायू अधूनमधून हलल्यासारखा वाटतो, लघवीसाठी नळी आहे, आणि डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी चालू ठेवणे' एवढेच लिहिले आहे. तो चालेल का, घरी कोणते व्यायाम किती वेळ करावेत, मालिश आणि शेक यांचा उपयोग होतो का, आणि स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारासाठी सांगितलेले काही लाख रुपये उभे करावेत का, असे आपले चार प्रश्न आहेत. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांबरोबरच काम करत आलो आहे, आणि आपल्या पत्रातील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: 'पाय हलू लागले की मग त्याला खुर्चीत बसवू, असे आम्ही ठरवले आहे.' हा निर्णय कृपया आजच बदला. माझे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम तपासणीविषयी. 'पॅराप्लेजिया' म्हणजे दोन्ही पायांचा लुळेपणा; नुसत्या या शब्दावरून भविष्याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी एशिया (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशन) पद्धतीची तपासणी करावी लागते. तिच्यात शरीराच्या दोन्ही बाजूंना २८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच तपासतात, प्रत्येक बाजूच्या १० ठरावीक स्नायूंना ० ते ५ अशी श्रेणी देतात, आणि शेवटी गुदद्वारापाशी संवेदना आहे का व तिथला स्नायू स्वतःच्या इच्छेने आवळता येतो का हे पाहतात. ही शेवटची तपासणी संकोचामुळे अनेकदा राहून जाते, परंतु दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण हे तिच्यावरच ठरते. तिथे काहीच संवेदना नसेल आणि स्नायूही आवळता येत नसेल तर श्रेणी 'ए'. तिथली संवेदना शिल्लक असेल पण दुखापतीच्या पातळीखाली हालचाल नसेल तर 'बी'. हालचाल असेल तर तिच्या ताकदीनुसार 'सी' किंवा 'डी'. 'बी' श्रेणीच्या ज्या रुग्णांना टाचणीची टोच नीट ओळखता येते त्यांच्यात हालचाल परत येण्याची शक्यता, नुसता स्पर्श कळणाऱ्यांपेक्षा अधिक असते. म्हणून ही तपासणी झाली नसेल तर ती मागून करून घ्या, कागदावर लिहून घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करून घ्या, कारण एका तपासणीपेक्षा दोन तपासण्यांमधला फरक जास्त सांगून जातो.

आपल्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल आहे. मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून पुढे मज्जातंतूंचा जुडगा खाली उतरतो. पाठीच्या बाराव्या मणक्याच्या दुखापतीत रज्जूचे खालचे टोक आणि या जुडग्यातील काही तंतू, दोन्ही सापडू शकतात, आणि हे तंतू रज्जूपेक्षा सावरण्याची क्षमता अधिक बाळगतात. उजव्या मांडीतील हालचाल ही अशा सुधारणेची सुरुवात असू शकते, किंवा ती निव्वळ प्रतिक्षिप्त उडीही असू शकते. हा फरक घरीही बराचसा कळतो. भाऊ निवांत पडलेला असताना मांडीवर हात ठेवा, 'आता गुडघा दाब' म्हणा, आणि स्नायू आपल्या शब्दावर आवळतो का व 'सोड' म्हटल्यावर सैल पडतो का ते पाहा. सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही तसेच घडले तर ती इच्छेने केलेली हालचाल आहे. पांघरूण ओढताना, नळीला धक्का लागल्यावर किंवा थंड हात लागल्यावरच पाय उडत असेल तर ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिच्याबद्दल घाबरण्याचे कारण नाही आणि तिच्यावरून चालण्याची आशाही बांधू नये.

परत येणारी ताकद सर्वांत वेगाने पहिल्या सहा महिन्यांत येते, पुढे तिचा वेग मंदावतो, आणि वर्ष-दोन वर्षांपर्यंत थोडी थोडी भर पडत राहू शकते. नेमका हाच काळ घरोघरी वाट पाहण्यात जातो. पाय हलण्याची वाट पाहताना दंड बारीक होतात, खांदे आखडतात, घोटे खाली झुकलेल्या स्थितीत घट्ट होतात, पाठीखाली जखम होते. मग पायांत ताकद आली तरी तिचा उपयोग करण्याजोगे शरीर उरत नाही. मज्जासंस्था किती सावरेल हे सर्वस्वी आपल्या हातात नाही. शाबूत असलेल्या स्नायूंना किती सक्षम करायचे आणि त्यांच्या बळावर माणसाने काय काय स्वतः करायचे, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू करायची असतात; पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरे थांबवायचे नसते.

या उपचारपद्धतीचा पायाच मुळी या विचारावर घातला गेला. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला, तेव्हा अशा सैनिकांपैकी बहुतेक जण जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असत. त्यांनी रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा नियम घातला, त्यांना उठवून बसवले, हातांना काम दिले, खेळायला लावले; २९ जुलै १९४८ रोजी तिथे भरलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. आपल्या भावाला पदक मिळवायचे नाही हे मला ठाऊक आहे. पण पाण्यात उतरून खांदे आणि पाठ कामाला लावण्याचा निर्णय पाय पूर्ववत होण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, एवढे त्यांच्या उदाहरणावरून त्याला सांगता येईल.

आता प्रत्यक्ष व्यायाम. आधी शल्यविशारदांना तीन गोष्टी विचारा: बसण्याची परवानगी आहे का, टेलर ब्रेस म्हणजे पाठीला आधार देणारा पट्टा किती दिवस लावायचा, आणि कमरेतून वाकण्यावर व वळण्यावर कोणते निर्बंध आहेत. पुढचे सगळे त्या उत्तरांच्या मर्यादेत करायचे.

बाराव्या मणक्याच्या दुखापतीत दोन्ही हात, खांदे, छाती आणि पोटाचे बहुतेक स्नायू पूर्ण शाबूत असतात. यांपैकी स्वावलंबनासाठी सर्वांत मोलाचे स्नायू म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू, जो कोपर सरळ ठेवतो, आणि पाठीचा रुंद स्नायू, जो खांदा खाली दाबून धड वर उचलतो. व्यायामशाळेत तरुण मुले ज्या दंडाच्या बेटकुळीवर वेळ घालवतात तिचे इथे काम कमी आहे. वजने उचलताना असे वजन निवडा की आठ ते बारा वेळा नीट करता येईल आणि शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जातील. अशा तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, आणि त्याच स्नायूंना एक दिवसाआड काम. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवायचे. डंबेल नसतील तर वाळू भरलेल्या बाटल्या किंवा मनगटाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या चालतात. खेचण्याच्या व्यायामासाठी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधा आणि कोपरे मागे नेत दोन्ही पाठफळ्या एकमेकींजवळ आणा. हा व्यायाम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये, कारण ढकलण्याचेच व्यायाम करत राहिले तर खांदे पुढे झुकतात आणि वर्षा-दोन वर्षांत दुखू लागतात. ज्याचे हातच त्याचे पाय होणार आहेत त्याला खांद्याचे दुखणे परवडत नाही.

यानंतर मुख्य व्यायाम येतो, तो म्हणजे बसल्या जागी स्वतःला उचलणे. पलंगावर किंवा सतरंजीवर जाड गादी घालून पाय समोर ठेवून बसायचे आणि नितंबांच्या दोन्ही बाजूंना, किंचित पुढे, चार-पाच इंच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवायचे. कापडात गुंडाळलेल्या विटाही चालतात. ठोकळे धरून कोपरे सरळ करायची, खांदे कानांपासून दूर खाली दाबायचे आणि डोके व छाती पुढे झुकवायची. डोके पुढे गेले की नितंब मागे-वर उचलले जातात. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या अंगाचा भार नुसता हलका होतो, गादी सुटत नाही. तेवढेही पुरेसे असते, कारण स्नायू काम करू लागलेले असतात. नितंब पूर्ण सुटू लागले की वर असतानाच उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मागे सरकवायला शिकवायचे. खाली मात्र अलगद यायचे. धपकन पडल्यास त्वचेला न जाणवणारी इजा होते.

याच उचलीवर पलंग आणि व्हीलचेअर यांच्यात ये-जा करणे उभे राहते. खुर्चीतून पलंगावर जाताना क्रम असा ठेवा. पलंगाची उंची आणि उशीसह खुर्चीची उंची एक करा, साधारण २० इंच. आपल्याकडचे जुने लाकडी पलंग बरेच उंच असतात, त्यांचे पाय कापून घ्यायला संकोच करू नका. खुर्ची पलंगाला २०-३० अंशांच्या कोनात लावायची, ब्रेक दोन्ही लावायचे आणि हात लावून खात्री करायची, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढायचा, पावले ठेवायचे पायटे बाजूला करायचे. खुर्चीत पुढे सरकून पावले जमिनीवर, गुडघ्यांच्या खाली ठेवायची. जायच्या बाजूचा हात पलंगावर इतका दूर टेकायचा की मध्ये नितंबांना जागा राहील, दुसरा हात खुर्चीच्या बैठकीवर. मग डोके आणि खांदे जायच्या दिशेच्या उलट व खाली न्यायचे, म्हणजे नितंब आपोआप पलंगाकडे वळतात. हे उलटे वाटते आणि पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण जिकडे जायचे तिकडेच डोके नेतो आणि अडकतो. उलट दिशेचे तत्त्व अंगात भिनले की ज्याला दोन माणसे उचलत होती तो एकाच्या नुसत्या आधाराने जाऊ लागतो. सुरुवातीला गुळगुळीत घासलेल्या प्लायवूडची, कडा गोल केलेली फळी मध्ये ठेवता येते. पलंगाची कड बोटांनी पकडता आली तर हात सपाट टेकण्यापेक्षा मनगटावर कमी ताण येतो. आणि घरच्यांनी काखेत हात घालून उचलणे पूर्णपणे बंद करावे. त्याने खांदा दुखावतो, उचलणाऱ्याची कंबर जाते आणि रुग्ण काहीच शिकत नाही. मदतनिसाने समोर बसून आपल्या गुडघ्यांनी त्याचे गुडघे रोखावेत आणि दोन्ही हातांनी पँटच्या कमरेला नव्हे, नितंबांखाली आधार द्यावा.

बसायला सुरुवात झाली की त्वचेची काळजी बदलते. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची असते. खुर्चीत मात्र दर १५ ते ३० मिनिटांनी भार काढावा लागतो. त्यासाठी छाती मांड्यांकडे नेऊन सुमारे दोन मिनिटे पुढे वाकून राहणे हे हातांवर उचलून धरण्यापेक्षा चांगले, कारण त्यात रक्तपुरवठा परतायला पुरेसा वेळ मिळतो आणि खांदेही वाचतात. पाठीवरील निर्बंधांमुळे इतके वाकता येत नसेल तर एकेका बाजूला पूर्ण कलून भार काढावा. दाट फोमची तीन-चार इंची उशी घ्या. मधे भोक असलेली रबरी ट्यूब वापरू नका, तिच्या कडांवर दाब वाढतो. टाचांखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धतही उपयोगाची नाही, त्यापेक्षा पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. सकाळ-संध्याकाळ आरशाने माकडहाड, बैठकीची हाडे, खुब्यांच्या बाजू, घोटे आणि टाचा पाहायच्या, आणि हे काम भावानेच शिकायचे. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार टाकायचा नाही. एका जखमेमुळे तीन-तीन महिने उपडे पडून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या तीन महिन्यांत कमावलेली सगळी ताकद जाते.

पायांचे व्यायाम स्नायूच्या ० ते ५ या श्रेणीप्रमाणे बदलतात. जिथे काहीच हालचाल नाही तिथे सांधे मोकळे ठेवण्याचे काम दुसऱ्याने करायचे: खुबा, गुडघा आणि घोटा, दिवसातून दोनदा, संथपणे, प्रत्येक सांधा आठ-दहा वेळा. घोटा वर वळवून ठेवण्याकडे विशेष लक्ष द्या, कारण पाऊल खाली झुकून घट्ट झाले तर पुढे उभे राहताना टाच टेकत नाही. मांडीच्या मागचे स्नायू इतके लांब हवेत की उताणे असताना सरळ पाय जवळजवळ १०० अंशांपर्यंत उचलता येईल. ते आखूड असतील तर पाय पसरून बसताना कंबर मागे ओढली जाते आणि कपडे घालणे जमत नाही. स्नायू नुसता आवळतो पण सांधा हलत नाही, म्हणजे पहिली श्रेणी असेल, तर दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ, मन एकाग्र करून, डोळ्यांनी त्या स्नायूकडे पाहत आवळण्याचा सराव द्या. दुसऱ्या श्रेणीत पायाचे वजन काढून घ्यावे लागते: कुशीवर झोपवून, वरचा पाय कापडी झोळीत लटकवून किंवा पावडर टाकलेल्या गुळगुळीत फळीवर ठेवून गुडघा सरळ करायला लावा. तिसऱ्या श्रेणीपासून गुरुत्वाकर्षणाविरुद्ध, आणि नंतर वाळूच्या पिशवीने. थकलेल्या कमजोर स्नायूला रेटू नये; दहा चांगल्या हालचालींनंतर अकरावी विस्कळीत झाली की थांबायचे. विजेच्या उत्तेजनाचे यंत्र काहींना उपयोगी पडते, पण रज्जूच्या टोकाला किंवा तंतूंना झालेल्या दुखापतीत स्नायूचा तंतूशी संबंधच तुटलेला असेल तर नेहमीच्या यंत्राला तो प्रतिसाद देत नाही. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी एकदा करून पाहायला सांगा.

काही सावधगिरी इथेच सांगतो. चालणे बंद झाले की काही महिन्यांत पायांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. जोर लावून गुडघा वाकवताना मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडल्याची उदाहरणे आहेत. खुबा किंवा गुडघा गरम, सुजलेला वाटू लागला आणि रोजच्यापेक्षा कमी वाकू लागला तर स्नायूंमध्ये हाड तयार होत असण्याची शक्यता असते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली तर रक्ताची गुठळी असू शकते, आणि तिचा धोका पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो. या दोन्ही वेळी त्या पायाचा व्यायाम आणि मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर थेट रुग्णालयात न्या.

मालिश आणि शेक यांचे उत्तर यातूनच निघते. हलक्या हाताने तेल लावल्याने त्वचा मऊ राहते आणि रुग्णाला बरे वाटते, तेवढ्यासाठी ते जरूर करा. मालिशीने स्नायूत ताकद येत नाही, आणि हाडे चोळून मोकळी करणाऱ्यांपासून भावाला लांब ठेवा. लाल झालेल्या जागी तर चोळायचेच नाही. शेक मात्र संवेदना नसलेल्या भागावर पूर्ण निषिद्ध आहे. गरम पाण्याच्या पिशवीने, तापवलेल्या विटेने, इतकेच काय मांडीवर ठेवलेल्या गरम जेवणाच्या ताटानेही खोल भाजते आणि कळत नाही.

चालण्याच्या प्रश्नाकडे वळतो. बसणे तासभर सहन होऊ लागले, चक्कर येत नाही, शल्यविशारदांची परवानगी आहे, मग उभे करायचे. सुरुवात टिल्ट टेबलवर, म्हणजे हळूहळू उभ्या होणाऱ्या टेबलवर, रक्तदाब मोजत; नंतर गुडघा सरळ धरून ठेवणारे पुश नी स्प्लिंट लावून समांतर दांड्यांमध्ये. उभे राहण्याने घोटे आणि खुबे ताणले जातात, आणि ज्याने दोन महिने छत पाहिले आहे त्याला समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येते. ही दुसरी गोष्ट कोणत्याही मोजपट्टीत येत नसली तरी तिचे महत्त्व मला पहिल्याइतकेच वाटते. बाहेर रस्त्यावर व्यवहारापुरते चालण्यासाठी, सर्वसाधारणपणे, दोन्ही बाजूंचे, मांडी वर उचलणारे खुब्याचे स्नायू तिसऱ्या श्रेणीचे आणि निदान एका बाजूचा गुडघा सरळ ठेवणारा स्नायू तिसऱ्या श्रेणीचा लागतो. दोन्ही गुडघे असे सांभाळले जात असतील तर घोट्यापुरते कॅलिपर (पायाला बाहेरून आधार देणारे साधन) आणि एल्बो क्रच (कोपरापर्यंतच्या कुबड्या) यांवर काम भागते. गुडघ्यांत ताकद नसेल तर मांडीपर्यंतचे कॅलिपर आणि वॉकर लागतात. हातांवर भार घेऊन पाय झोक्याने पुढे टाकणे अनेकांना जमतेही, पण त्याला साध्या चालण्याच्या कित्येक पट शक्ती खर्च होते, त्यामुळे असा माणूस घरात आणि व्यायामापुरता चालतो आणि बाजारात व्हीलचेअरने जातो. तो निर्णय शहाणपणाचा असतो. आपला भाऊ यांपैकी कोणत्या गटात बसेल हे आज पत्रावरून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढच्या दोन-तीन तपासण्यांमध्ये मांडीच्या स्नायूंच्या श्रेणी कशा बदलतात त्यावरून ते कळेल. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी लटकवून चालवणे किंवा यांत्रिक रोबोट यांमुळे जमिनीवरच्या चांगल्या सरावापेक्षा निश्चितपणे अधिक फायदा होतो असे दिसलेले नाही, तेव्हा ती सोय जवळ नाही म्हणून खंत करू नका.

लघवीची नळी व्यायामाच्या आड येते आणि संसर्गाला वाटही देते. मूत्ररोगतज्ज्ञांना विचारून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत शिकता येईल का ते पाहा. हात चांगले असलेल्या तरुणाला ती बहुधा थोड्याच दिवसांत जमते. शौचाची वेळ रोज एकच, नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ठेवा, कारण खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. या दोन गोष्टी बसल्या नाहीत तर माणूस अपघाताच्या भीतीने घराबाहेर पडत नाही, मग हातांत कितीही ताकद असो.

मानेच्या दुखापतीचे रुग्ण घरी असलेले वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. मनगट वर उचलता येते पण बोटे हलत नाहीत अशा रुग्णाची बोटे मनगट वर असताना पूर्ण सरळ ताणू नका. बोटांचे स्नायू थोडे आखूड राहिले तर मनगट वर करताच बोटे आपोआप मिटतात आणि त्या पकडीने पेला, चमचा, मोबाइल धरता येतो. ती पकड एकदा ताणून घालवली की परत येत नाही. दुसरे, पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीच्या किंवा तिच्या वरच्या, म्हणजे मानेच्याही, दुखापतीत अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होणे आणि वरच्या अंगाला घाम सुटणे ही रक्तदाब एकदम चढल्याची खूण असते. त्याला लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली किंवा तुंबली आहे का ते पाहा, आणि पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर रुग्णालयात न्या.

वेळेचा प्रश्न राहिला. दिवसभर व्यायाम करून घेणे ही चूक आहे. सकाळी पाऊण तास सांधे आणि पायांचे काम, संध्याकाळी पाऊण तास हातांचे आणि उचलीचे काम, आणि मधला दिवस प्रत्यक्ष जगण्यासाठी ठेवा: स्वतः शर्ट घालणे, पलंगावर कूस बदलणे, खुर्ची ढकलत ओटीपर्यंत जाणे, भाजी निवडणे, दाढी करणे. यात लागणारा वेळ पाहून घरच्यांचा हात पुढे जातो, तो आवरायला हवा. पुढे दमाच्या व्यायामासाठी, म्हणजे वेगाने खुर्ची चालवणे किंवा हातांनी सायकल फिरवणे यासाठी, मज्जारज्जूच्या दुखापतीच्या प्रौढांकरता २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोनदा २० मिनिटे आणि त्याच आठवड्यात दोनदा मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. हृदय आणि साखरेच्या दृष्टीने फायदा हवा असेल तर आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे. ताप, लघवीचा संसर्ग किंवा नवी जखम असताना हे थांबवायचे.

स्टेम सेलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी ही मान्य उपचारपद्धती नाही. ती संशोधनाच्या कक्षेत येते आणि संशोधनातील रुग्णाकडून तिचे पैसे घेणे अनैतिक मानले आहे. जे लाख आपण कर्ज काढून उभे करणार आहात, त्यातील थोड्या भागात मापाची व्हीलचेअर, चांगली उशी, कमोड, उंबरठ्यावर उतार आणि रुंद केलेला न्हाणीघराचा दरवाजा एवढे सगळे होते. उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण ठेवा, म्हणजे तो एकटा चढू शकेल.

यानंतर शक्य असेल तर काही आठवडे पुनर्वसन विभागात दाखल होऊन शिकणे सर्वांत चांगले. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग असतात. जाताना शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे आणि एमआरआय, चालू औषधांची यादी, आणि आठवडाभराची नोंदवही न्या. तिच्यात किती पाणी प्यायला, किती लघवी झाली, किती वेळ बसला आणि उजव्या मांडीचा स्नायू सांगितल्यावर किती वेळा आवळला हे लिहिलेले असावे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्जही त्याच काळात करून टाका. पुढे साहाय्यक उपकरणे आणि सवलतींसाठी तेच विचारले जाते. आणि खुर्चीचे माप देताना नितंबांची रुंदी, मांडीची लांबी आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या, दुकानात तयार असलेली मोठी खुर्ची 'पुढे अंग भरेल' म्हणून घेऊ नका.